दोनशे दहाचा चहा

श्यामला वर्तकचं दिवसभराचं मराठी सकाळीच बोलून संपायचं. सांगलीहून प्रकाशराव आरवाड्यांचा फोन यायचा. "काय म्हणतोय बाजार, ताई?" असं ते विचारायचे, ती सांगायची, आणि थोड्या वेळाने फोन ठेवला की उरलेला दिवस बंगाली, हिंदी नि इंग्रजीत जायचा.

प्रकाशरावांचा चहाचा धंदा. आसामचा आणि उत्तर बंगालमधल्या डुआर्सचा चहा एकत्र करून ते पाकिटं भरायचे आणि सांगली-मिरजेपासून बेळगावपर्यंतच्या टपऱ्यांना, हॉटेलांना पुरवायचे. चहा विकत घ्यायचा तो कोलकात्याच्या लिलावात. तो चाखून, भाव ठरवून घ्यायचं काम श्यामलाचं. कोलकात्यातच, डलहौसी भागात, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर त्यांचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. एका खोलीत चहा चाखायचं लांब टेबल, दुसरीत कॉम्प्युटर. माणसं दोनच, श्यामला आणि नमुने मांडणारी, किटली सांभाळणारी विजया, जिला सगळे बंगाली वळणाने बिजोयादी म्हणत.

श्यामलाचे वडील रेल्वेत होते. कोलकात्यात गार्डन रीचच्या मुख्यालयात त्यांची बदली झाली तेव्हा ती शाळेत होती. निवृत्तीनंतर पुण्याला परतायचं असं घरात वर्षानुवर्षं ठरत राहिलं. मग आईचं दुखणं निघालं, मग सॉल्ट लेकमध्ये सोसायटीतला फ्लॅट मिळाला, आणि जाणं राहूनच गेलं. लग्नाची बोलणी पुण्याहून दोन-तीनदा आली आणि अंतर ऐकून परत गेली. पुढे आई गेली, काही वर्षांनी वडीलही गेले. श्यामला आता चोपन्न वर्षांची होती आणि फ्लॅटमध्ये एकटीच राहत होती.

गणपतीत ती महाराष्ट्र मंडळात जायची. तिथे बँकेतली, सरकारी खात्यांतली, आयटीतली मराठी कुटुंबं भेटायची. पण ती सगळी बदलीची माणसं. ओळख होऊन एकमेकांकडे जेवायला जाण्याइतकी जवळीक झाली, की त्यांची ऑर्डर निघायची. असं इतक्यांदा झालं होतं की नवीन आलेल्यांची आडनावं लक्षात ठेवायचंच तिने सोडून दिलं होतं.

चहा चाखायला तिला शिकवलं अजेय लाहिडींनी. ती पदवी घेऊन एका दलाल कंपनीत लागली तेव्हा अजेयदा तिथले मुख्य चाखणारे होते. चाखण्याच्या खोलीत बायका जवळजवळ नव्हत्याच. झाकणाच्या पांढऱ्या भांड्यांत चहा मुरायचा, त्याचं नुसतं पाणी वाडग्यांत काढून ओळीने मांडलेलं असायचं, आणि अजेयदा चमच्याने भुरका मारत, पिकदाणीत थुंकत, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचे. मागून श्यामला. "शामोला, घाई नको," ते म्हणायचे, "तो काय म्हणतोय ते आधी ऐक." तेव्हा लिलावही मोठ्या दालनात व्हायचा. हातोडा पडायचा, हरलेला जिंकलेल्याला मोठ्याने टोमणा मारायचा, आणि नंतर सगळे मिळून रस्त्यावर वाटाण्याची चटकदार घुगनी खायचे. पुढे लिलाव कॉम्प्युटरवर गेला. आता पडद्यावर आकडे हलत. आपल्याशी कोण झुंजतंय हे कळत नसे, आणि हरलं तरी टोमणा मारायला कुणी नसे.

ही हकिगत गेल्या एका हंगामातली.

त्या वर्षी आसामात पाऊस उशिरा झाला. मळ्यांवर पानच कमी आलं. लिलाव सुरू झाले ते चढ्या भावाने. प्रकाशरावांच्या मिश्रणाचा कणा होता रांगामुख नावाच्या मळ्याचा चहा. दिसायला साधा, पण दूध घातलं तरी रंग न सोडणारा. आदल्या वर्षी श्यामलाने तो दोनशे दहा रुपये किलोने घेतला होता. चांगली खरेदी झाली म्हणून प्रकाशरावांनी तेव्हा सांगलीहून बेदाणे पाठवले होते.

यंदा पहिल्याच लिलावात रांगामुख दोनशे अठ्ठावन्नला गेला. श्यामलाने दोनशे पंचवीसला हात आखडता घेतला होता.

"बरं केलं," दुसऱ्या सकाळी प्रकाशराव म्हणाले. "दोनशे दहाचा चहा तो. लोक घाबरून घ्यायला लागलेत. उतरंल की."

"उतरेल," श्यामला म्हणाली.

पुढच्या आठवड्यात तिने दोनशे बत्तीसपर्यंत बोली लावली. आपण बावीस रुपये वर गेलो, म्हणजे फारच सैल सोडलं, असं तिला वाटत होतं. रांगामुख दोनशे चौसष्टला गेला. त्याच्या पुढच्या खेपेला ती दोनशे अडतीसवर थांबली. प्रत्येक वेळी तिला आपण वाढवत चाललोय असंच वाटायचं, आणि प्रत्येक वेळी चहा दुसऱ्या कुणाच्या तरी गोदामात जायचा.

सांगलीतला साठा आटत गेला. तिकडे मिश्रणात डुआर्सचा हलका चहा वाढवावा लागला. जूनच्या सुरुवातीला मिरज स्टँडजवळच्या एका मोठ्या गिऱ्हाईकाने पाकिटांची खोकी परत पाठवली. दूध घातलं की रंग पळतो, असं त्याचं म्हणणं.

"हे बरं झालं नाही, ताई," प्रकाशराव फोनवर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच श्यामलाला जास्त लागलं. "तुम्ही म्हणालात उतरंल म्हणून."

"तुम्हीही म्हणालात, प्रकाशराव."

"मी सांगलीत बसलोय. बाजारात तुम्ही आहात."

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही आला नाही. गोदामातल्या मुकादमाकडून तिला कळलं, की सांगलीने सिलिगुडीच्या एका एजंटामार्फत थोडा माल उचललाय. ती रोजच्यासारखी सॉल्ट लेकहून मेट्रोने ऑफिसला येत राहिली. फोन टेबलावर समोर ठेवायची. बिजोयादी विचारायची, "आज साहेबांचा फोन?" ती मान हलवायची.

शनिवारी घरी भांडी आवरताना तिच्या लक्षात आलं, की आठवडाभरात आपल्या तोंडून मराठीचा एक शब्द निघालेला नाही. तिने वर्गणीचं निमित्त काढून मंडळाच्या सेक्रेटरींना फोन लावला. त्यांच्या मुलीने उचलला. "बाबा घरी नाहीये, आंटी. आय विल टेल हिम," असं म्हणून तिने लगेच ठेवून दिला. श्यामलाने नळ सुरू केला.

रविवारी ती सियालदाहून गाडी पकडून बराकपूरला अजेयदांकडे गेली. ते आता निवृत्त होते. नदीजवळच्या जुन्या घरात एकटेच राहायचे, मुलगा कॅनडात. दोन वर्षांपूर्वी मोठा ताप येऊन गेला होता, तेव्हापासून जरा थकले होते. पण पांढराशुभ्र पायजमा-कुडता घालून दारात उभे होते.

"चहा आणलास ना?"

"बोकुलजान आणलाय," श्यामला म्हणाली. बोकुलजान म्हणजे आसामातला नावाजलेला मळा. बाजारात त्याचं नाव निघालं की माणसं सरसावून बसत.

तिने त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन चहा केला. दूध-साखर नाही, नुसतं पाणी, त्यांना आवडायचं तसं. दोन पेले घेऊन ती व्हरांड्यात आली. अजेयदांनी भुरका घेतला, डोळे मिटले आणि बऱ्याच वेळाने उघडले.

"काय वजन आहे बघ," ते म्हणाले. "जिभेवर बसतो. मागून तो गुळासारखा वास. बोकुलजान तो बोकुलजानच, शामोला. डोळे बांधून दिलास तरी सांगीन."

श्यामलाने आपला पेला तोंडाला लावला. तो बोकुलजान नव्हता.

तिच्या पर्समध्ये दोन पुड्या होत्या. दुसरी होती डुआर्सच्या एका मळ्याची, शुक्रवारी तिने नाकारलेल्या नमुन्याची. चव अगदी सपाट, उकडलेल्या गवतासारखी. घाईत तिने तीच पुडी फोडली होती. ती चूक झाली म्हणून सांगणार होती, पण अजेयदा दुसरा भुरका घेऊन पुन्हा त्या वासाबद्दल बोलत होते, आणि त्यांच्या तोंडावर इतकं समाधान होतं, की तिला सगळं एकदम कळलं. त्या तापात त्यांना वास यायचा बंद झाला होता. तो परत आलाच नव्हता. हे त्यांना स्वतःला तरी ठाऊक होतं की नाही, ते तिला सांगता आलं नसतं. ते खोटं बोलत नव्हते. नाव ऐकलं आणि तीस वर्षांचे सगळे बोकुलजान त्यांच्या जिभेवर आले, एवढंच.

"खरंच चांगला आहे," श्यामला म्हणाली, आणि तिने पेला संपवला.

परतीच्या गाडीत तिला खिडकीजवळ जागा मिळाली. अजेयदांसाठी तिला वाईट वाटत होतं, आणि त्याच्या खाली आणखी काहीतरी टोचत होतं. टीटागड स्टेशन गेल्यावर ते नीट समजलं. अजेयदांना वास येत नव्हता, म्हणून ते नाव प्यायले. आपल्याला तर सगळा वास येतो. तरी गेले कित्येक आठवडे आपण काय पितोय? रांगामुखचं वाडगं समोर आलं, की भुरका मारायच्या आधीच डोक्यात दोनशे दहा उभं राहतं. मग चव घ्यायची ती त्याच्यात किती घालायचे एवढं ठरवायला. यंदाचा रांगामुख कसा आहे, हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

सोमवारी तिने बिजोयादीला सांगितलं, "नमुन्यांचे डबे उलटे ठेव. नावं भिंतीकडे. आणि क्रम तुझा तू लाव, मला सांगू नकोस."

"मग तुम्हाला कळणार कसं?"

"तेच बघायचंय."

दलालांनी छापलेल्या यादीत प्रत्येक लॉटपुढे त्यांचा अंदाजे भाव असायचा. त्या रकान्यावर श्यामलाने कागदाची पट्टी चिकटवली. मग ती टेबलाच्या एका टोकापासून निघाली. पहिल्या काही वाडग्यांना तिला अंधारात जिना चढल्यासारखं झालं. हात टेकायला काही नव्हतं. आकडा काढायचा तरी कशावरून? थोड्या वेळाने ती सांगलीच्या बाजूने विचार करायला लागली. आपलं पाकीट तिकडे किती रुपयांना विकलं जातं. हा चहा घातला तर त्याच्या जोरावर किती हलका चहा खपून जाईल. दूध घातल्यावर रंग टिकेल का, म्हणून तिने प्रत्येक वाडग्यातलं थोडं वेगळ्या कपात काढून दूध घालूनही पाहिलं. हे सगळं जमेला धरून आपल्याला तो कितीला परवडेल, तो आकडा ती एकेका वाडग्याखाली चिठ्ठीवर लिहीत गेली.

शेवटी बिजोयादीने डबे वळवले. ज्या वाडग्याला श्यामलाने सगळ्यांत जास्त, दोनशे चौऱ्याहत्तर लिहिले होते, तो रांगामुख होता. आणि ज्याला दोनशे चाळीसवर सोडलं होतं, तो बोकुलजान. यादीवरची पट्टी काढली तर बोकुलजानपुढे तीनशेच्या वर आकडा छापलेला.

ती खुर्चीवर बसली. "बिजोयादी, मलाही एक कप दे," म्हणाली. "साधा. दूध घालून."

मग तिने स्वतःहून सांगलीला फोन लावला. किती दिवसांनी आपण मराठीत बोलतोय हे तिला आवाजातच जाणवलं. पहिलं वाक्य जरा अडखळलं.

"प्रकाशराव, उद्या रांगामुख घ्यायचाय. दोनशे चौऱ्याहत्तरपर्यंत जायची परवानगी हवी."

ते म्हणाले, "दोनशे दहाचा चहा दोनशे चौऱ्याहत्तरला?"

"दोनशे दहाचा चहा आता नाहीच. तो गेल्या वर्षी आपल्या गिऱ्हाइकांनी पिऊन संपवला."

"मे महिन्यात घेतला असता तर अठ्ठावन्नला मिळत होता."

"मिळत होता. मी घेतला नाही, ते चुकलं. पण मेमध्ये काय होता आणि गेल्या वर्षी काय होता, यावरून उद्याचा चहा वाईट ठरत नाही. मी आज नाव न बघता चाखला, भाव न बघता चाखला. त्या टेबलावर आपल्या कामाचा तोच होता."

"आणि उद्या उतरला तर?"

"उतरला तर उतरला. आपल्याला तो चौऱ्याहत्तरला परवडतोय. त्याच्या वर मी जाणार नाही."

प्रकाशरावांनी थोड्याच मालाला होकार दिला. दुसऱ्या दिवशी बोली वर चढत गेली. दोनशे चाळीस ओलांडताना आकडा टाकणं श्यामलाच्या हातून होईना. तो दोनशे दहाचा आकडा मनातून कुठे गेला नव्हता. तो तिथेच होता, अगदी लख्ख. तिने समोरच्या चिठ्ठीकडे पाहिलं आणि टाकत गेली. माल दोनशे एकाहत्तरला तिच्या नावावर पडला. खोलीत कुणीच काही बोललं नाही, कारण खोलीत कुणी नव्हतं. बिजोयादी बाजारात गेली होती.

जुलैअखेर मिरजेचं गिऱ्हाईक परत आलं. प्रकाशरावांचे फोनही पुन्हा सुरू झाले, आणि आणखी दोनदा त्यांनी रांगामुख घेऊ दिला. पण खरी परीक्षा पुढेच होती. सप्टेंबरात पावसाळी चहा बाजारात आला आणि भाव कोसळले. रांगामुख दोनशे बत्तीसवर आला.

"ताई, भरून घ्या गोदाम," प्रकाशराव उत्साहात होते. "एकाहत्तरचा चहा बत्तीसला मिळतोय. चाळीस रुपये स्वस्त."

"नको," श्यामला म्हणाली. "हा एकाहत्तरचा चहा नाही. नाव तेच आहे फक्त. पाणी पिऊन फुगलेलं पान आहे, रंग नाही. झाकून चाखला तर मी एकशे नव्वद लिहिले."

"सगळे घ्यायला लागलेत."

"जूनमधला भाव डोक्यात आहे म्हणून घेताहेत. आपणही मेमध्ये तसंच केलं होतं, उलट्या बाजूने."

ते नाखूश होते. तरी त्यांनी ऐकलं. बाजार स्वस्त असताना हात बांधून बसणं श्यामलाला आधीच्यापेक्षा अवघड गेलं. आपलं चुकलं तर या वेळी फोन कायमचा बंद होईल, हे तिला माहीत होतं. दुर्गापूजेच्या दिवसांत सॉल्ट लेकभर ढाकाचे मोठे ढोल वाजत होते, खालच्या मजल्यावरच्या बायका नव्या साड्या नेसून मंडपात जात होत्या, आणि ती घरात बसून तेच तेच हिशेब मनात फिरवत होती. एका संध्याकाळी शेजारच्या बाईंनी दार वाजवून मिठाई दिली. "एकट्याच का बसलात?" असं त्यांनी विचारलं. "काम आहे," श्यामला म्हणाली.

ऑक्टोबरच्या शेवटी पाऊस ओसरल्यावरचा चहा आला. तो तिने झाकून चाखला, दोनशे पन्नास लिहिले, आणि दोनशे चव्वेचाळीसला हवा तेवढा घेतला. ज्यांनी सप्टेंबरात गोदामं भरली होती, त्यांच्याकडे आता जागा नव्हती. प्रकाशरावांचं वर्ष सावरलं. गेल्या वर्षाइतका नफा झाला नाही, पण गिऱ्हाईक तुटलं नाही.

डिसेंबरात प्रकाशराव म्हणाले, "ताई, एक ठरवलंय. यापुढं भाव तुम्हीच ठरवा. रोज मला विचारू नका, मीही विचारणार नाही. मी मधे पडलो की आकडे घुसतात डोक्यात, तुमच्याबी आन माझ्याबी. महिन्याकाठी काय घेतलं तेवढं कळवा. तुमच्यावर विश्वास आहे."

"बरं," श्यामला म्हणाली. आणखी काय म्हणणार? तिच्या कामातला हा सगळ्यांत मोठा मान होता.

फोन थांबले. जूनमध्ये थांबले होते ते रागाने, आता विश्वासाने. पण सकाळची खोली दोन्ही वेळा सारखीच शांत होती. डबे भिंतीकडे तोंड करून ओळीने बसलेले. ती चाखायची, लिहायची, पट्टी काढून बघायची. कधी तिचा अंदाज बाजाराच्या जवळ असायचा, कधी लांब, आणि लांब का याचा ती विचार करायची. काम पूर्वीपेक्षा चांगलं होत होतं. ते कुणाला सांगावं असं मात्र तिला कुणी नव्हतं.

जानेवारीत मळे बंद असतात, बाजारही मंद असतो. अशाच एका सकाळी, धुक्यामुळे डलहौसीतले दिवे अजून चालूच होते, तिने फोन उचलला आणि सांगलीचा नंबर लावला.

"काय झालं, ताई?" प्रकाशरावांचा आवाज काळजीचा होता. "भाव काही...?"

"नाही. भावाचं काही नाही."

"मग माल अडकला का?"

"नाही, माल निघाला. सहजच केला."

"सहज," ते म्हणाले. पलीकडे दुकानात कुणीतरी खोकी सरकवत होतं. इतक्या वर्षांत ते दोघं भावाशिवाय कधी बोललेच नव्हते, आणि आता कुठून सुरुवात करावी हे दोघांनाही कळेना. श्यामलाला वाटलं, उगाच केला. ठेवते, असं ती म्हणणार होती.

"थंडी कशी आहे तुमच्याकडं?" प्रकाशरावांनी विचारलं.

"बरीच आहे यंदा," ती म्हणाली. "सकाळी धुकं असतं. आमच्या खिडकीतून समोरची इमारतसुद्धा दिसत नाही."

"हितं तेवढी नाही. पण हुरडा चांगला आलाय."

"हुरडा खाऊन किती वर्षं झाली मला," श्यामला म्हणाली, आणि मग ती लहानपणी आजोळी शेतात खाल्लेल्या हुरड्याबद्दल सांगायला लागली. मधे कणसं भाजायच्या खड्ड्याला काय म्हणतात तो शब्द तिला आठवेना. आगटी. प्रकाशरावांनी तो सांगितला.